वाचकांचे प्रश्न : अमेरिकेत राहण्यासाठी गाव निवडताना

प्रश्न : पती, पत्नी आणि सात वर्षांची मुलगी असे आम्ही तिघे गेली पाच वर्षे न्यू जर्सीच्या मिडलसेक्स कौंटीत भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये राहतो. मी एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहे आणि पत्नीला एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर काम करण्याची परवानगी मिळाली आहे. येथील भाडे दरवर्षी वाढते आणि घर विकत घेणे तर आवाक्याबाहेर गेले आहे. कंपनीने कोलंबस (ओहायो), रॅले (नॉर्थ कॅरोलिना) किंवा ह्यूस्टन (टेक्सस) यांपैकी कोणत्याही शाखेत बदली घेण्याची मुभा दिली आहे. मुलगी वर्गात एकटीच सावळी असू नये, एवढी आमची इच्छा आहे. परंतु येथल्यासारखा जवळजवळ सगळा वर्गच भारतीय मुलांचा असावा, असेही वाटत नाही. ‘सर्वांत वैविध्यपूर्ण’ गावांच्या याद्या वाचून गोंधळ अधिकच वाढला. निवड कशी करावी? — एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : तुमच्या पत्रात दोन इच्छा एकमेकींत गुंतल्या आहेत आणि आधी त्या सुट्या करायला हव्यात. जवळपास आपली माणसे असावीत ही एक, आणि नाना तऱ्हेची माणसे असावीत ही दुसरी. बोलताना आपण दोन्हींना ‘विविधता’ म्हणतो. गाव निवडायला बसलो की मात्र त्या दोन बाजूंना ओढू लागतात. तुमच्याच कौंटीतील एडिसनची लोकसंख्या एक लाखाहून अधिक आहे आणि तीत निम्म्याहून अधिक लोक आशियाई वंशाचे आहेत. तेथील भारतीय दुकानांच्या ओक ट्री रोडवर फिरताना मराठी माणसाला परके वाटण्याचे काही कारण नाही, परंतु दुसऱ्या इच्छेच्या कसोटीला तेथील एखादा वर्ग उतरत नाही, हे तुम्ही स्वतःच लिहिले आहे. कोणती इच्छा किती प्रमाणात हवी आहे, हे तुम्ही दोघांनी एकमेकांना मोकळेपणाने सांगावे. या सदराकडे येणाऱ्या पत्रांवरून माझा असा ग्रह झाला आहे की बहुतेक घरांत पतीच्या मनात एक इच्छा असते, पत्नीच्या मनात दुसरी, आणि वाद मात्र घराच्या किमतीवरून होतो.

आता त्या याद्यांविषयी. त्यांच्या मागे बहुधा जनगणना विभागाच्या विविधता निर्देशांकासारखेच एखादे गणित असते. एखाद्या ठिकाणची कोणतीही दोन माणसे चिठ्ठ्या टाकून निवडली, तर ती वेगवेगळ्या वांशिक गटांतली निघण्याची शक्यता किती, एवढेच हा निर्देशांक सांगतो. संपूर्ण देशासाठी तो २०१० मध्ये ५४.९ टक्के होता आणि २०२० मध्ये ६१.१ टक्के झाला. हवाईत तो ७६ टक्के भरला, तर मेन राज्यात १८.५ टक्के. राज्याराज्यांची तुलना करण्यासाठी हा आकडा चांगला आहे, पण घर शोधण्यासाठी तो अपुरा पडतो आणि त्याची दोन कारणे आहेत. पहिले असे की तमिळ, पंजाबी, चिनी, कोरियन, फिलिपिनो हे सगळे या हिशेबात ‘आशियाई’ या एकाच रकान्यात बसतात, त्यामुळे ज्या गावात आशियाई लोक पुष्कळ आहेत त्या गावात भारतीय कुटुंब एकही नसणे अशक्य नाही. त्यासाठी जनगणना विभागाच्या ‘अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे’मधला ‘एशियन इंडियन’ हा स्वतंत्र रकाना पाहावा लागतो. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. ज्या गावात रुळांच्या अलीकडे एकाच वंशाची पाच हजार माणसे आणि पलीकडे दुसऱ्या वंशाची पाच हजार माणसे राहतात आणि दोघे एकमेकांच्या वाटेला जात नाहीत, त्या गावाचा निर्देशांकही ५० टक्के येतो. आकडा संपूर्ण गावाचा असतो. माणसे शेजारी राहतात की नुसती एका हद्दीत राहतात, हे त्यातून कळत नाही.

म्हणून गावाच्या आकड्यावर न थांबता खाली उतरावे. जनगणनेत ‘सेन्सस ट्रॅक्ट’ नावाचे छोटे विभाग असतात, त्यांत साधारण चार हजार लोक राहतात आणि सर्वेक्षणाचे पाच वर्षांचे आकडे या पातळीपर्यंत उपलब्ध असतात. त्याच्याही खाली शाळा येते, आणि तुमच्या बाबतीत तर मी शाळेपासूनच सुरुवात करीन, कारण सात वर्षांच्या मुलीचे गाव म्हणजे तिची शाळा, शाळेची बस आणि घराभोवतीचे दोन-चार रस्ते. राष्ट्रीय शैक्षणिक सांख्यिकी केंद्राच्या संकेतस्थळावर प्रत्येक सरकारी शाळेतील मुलांची वांशिक विभागणी दिलेली असते, आणि मोफत किंवा सवलतीच्या दरात जेवण मिळणाऱ्या मुलांची संख्याही बहुतेक ठिकाणी मिळते. हे दोन्ही आकडे एकत्र वाचावेत. वर्णाने मिश्र असलेली पण झाडून सगळ्या सुस्थितीतील घरांची शाळा, आणि वर्णाने व उत्पन्नाने दोन्ही अर्थांनी मिश्र असलेली शाळा, या फार वेगळ्या शाळा असतात. घरविक्रीच्या संकेतस्थळांवर शाळेला दहापैकी जे गुण दिलेले दिसतात, त्यांत परीक्षांच्या निकालांचा वाटा मोठा असतो आणि निकाल पालकांच्या उत्पन्नाच्या व शिक्षणाच्या मागोमाग जातात. नऊ गुणांच्या शाळेसाठी घराला मोजावी लागणारी जादा किंमत आणि सहा गुणांच्या शाळेत तुमच्या मुलीला प्रत्यक्ष मिळणारे शिक्षण यांची तुलना आपल्या लोकांपैकी फार थोडे जण करतात. माझ्या मते तुम्ही ती जरूर करावी. घरात दोन शिकलेले पालक असताना सहा गुणांची शाळा घाबरण्यासारखी नसते.

एकाच वर्षाचा आकडाही पुरेसा नाही. त्याच शाळेचे दहा वर्षांपूर्वीचे आकडे काढून बदलाची दिशा पाहावी. थॉमस शेलिंग या अर्थशास्त्रज्ञाने, ज्यांना पुढे २००५ मध्ये नोबेल मिळाले, १९७१ मध्ये एका साध्या पटावर दाखवून दिले होते की प्रत्येक सोंगटीची अपेक्षा ‘शेजाऱ्यांपैकी निदान काही जण माझ्यासारखे असावेत’ एवढीच माफक असली, तरी सोंगट्या जागा बदलत बदलत अखेरीस वेगवेगळ्या कोपऱ्यांत गोळा होतात. वेगळे राहण्याची इच्छा त्यांपैकी एकीलाही नसते. आपणही त्या सोंगट्याच आहोत, हे ध्यानात ठेवलेले बरे. ज्या नव्या वसाहतीत पहिल्या वर्षी दहा भारतीय कुटुंबे येतात, तेथे पाचव्या वर्षी शंभर असतात, आणि ज्या मिश्र शेजारासाठी पहिली दहा आली होती तो तोवर उरलेला नसतो. हे टाळण्यासाठी काही गावांनी मुद्दाम प्रयत्न केले आहेत. शिकागोला लागून असलेल्या ओक पार्कने १९६८ मध्ये निवासातील भेदभावाविरुद्ध स्वतःचा नियम केला आणि १९७२ पासून तेथील गृहनिवास केंद्र भाडेकरूंना, एरवी त्यांनी पाहिला नसता अशा भागातील घरे पाहायला प्रोत्साहन देऊ लागले. मिश्र वस्ती टिकवायला कोणाला तरी असे राबावे लागते. ज्या गावाची नगरपालिका किंवा शाळामंडळ या विषयावर उघडपणे बोलते, त्या गावाला मी दोन गुण अधिक देईन.

आता तुमच्यापुढील तीन शहरे पाहू. ह्यूस्टनच्या नैर्ऋत्येला असलेल्या फोर्ट बेंड कौंटीत गोरे, कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि आशियाई या चारही गटांचा भरघोस वाटा आहे आणि कोणताही एक गट निम्म्यापर्यंत पोहोचत नाही. तुमचे वर्णन वाचताना मला प्रथम तीच आठवली. टेक्ससमध्ये राज्याचा प्राप्तिकर नाही, परंतु त्याची भरपाई मालमत्ता कर करून घेतो. शिवाय ह्यूस्टनच्या बाहेरील अनेक वसाहतींत पाणी व सांडपाण्यासाठी ‘मड’ (म्युनिसिपल युटिलिटी डिस्ट्रिक्ट) या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्याचा वेगळा कर असतो आणि तो जाहिरातीतल्या किमतीत दिसत नाही. पुराचा प्रश्न त्याहून मोठा आहे. ऑगस्ट २०१७ मधील हार्वी वादळात सरकारी नकाशावर पूरक्षेत्राबाहेर असलेली असंख्य घरेही पाण्याखाली गेली होती. घराच्या नेहमीच्या विम्यात पुराचे नुकसान धरले जात नाही, त्यासाठी वेगळा विमा घ्यावा लागतो आणि सरकारी योजनेत तो सहसा तीस दिवसांनी लागू होतो. म्हणून घर पाहताना ते २०१७ मध्ये भिजले होते का, हा प्रश्न लेखी विचारावा.

रॅलेच्या बाजूला केरी आणि मॉरिसव्हिल येथे भारतीय वस्ती मोठी आहे. मॉरिसव्हिलमध्ये तर ती इतकी झपाट्याने वाढली आहे की तुम्ही जे मागे सोडू पाहता तेच तेथे पुन्हा भेटण्याचा संभव आहे. तेथील एक गोष्ट बाहेरून येणाऱ्यांना ठाऊक नसते. न्यू जर्सीसारखा प्रत्येक गावाचा वेगळा शाळाजिल्हा (सरकारी शाळांचा कारभार पाहणारा विभाग) तेथे नाही, रॅले ज्यात येते त्या संपूर्ण वेक कौंटीचा एकच आहे, आणि लोकसंख्या वाढली की शाळांच्या हद्दी पुन्हा आखल्या जातात किंवा भरलेल्या शाळेत नवे प्रवेश थांबवले जातात. अमुक शाळेसाठी म्हणून घेतलेल्या घराला तीच शाळा कायम मिळेल, ही खात्री तेथे कोणी देऊ शकत नाही.

कोलंबसची घरे एकंदरीत न्यू जर्सीपेक्षा बरीच स्वस्त आहेत, मात्र शहराचा स्वतःचा २.५ टक्के प्राप्तिकर आहे आणि कार्यालय शहरात असेल तर उपनगरात राहूनही तो भरावा लागतो. तेथे एक सोयीची विसंगती आहे : शहराची हद्द आणि शाळाजिल्ह्यांच्या हद्दी जुळत नाहीत, त्यामुळे पत्ता कोलंबसचा पण शाळा डब्लिन किंवा हिलियर्ड या उपनगरांची, अशी घरे सापडतात. उपनगरातील घरांहून ती अनेकदा स्वस्त असतात आणि तेथील शेजारही अधिक मिश्र असतो. तीन शहरांत मला स्वतःला हा पर्याय सर्वांत समतोल वाटतो.

‘परवडणे’ या शब्दाविषयी थोडे. उत्पन्नाच्या ३० टक्क्यांहून अधिक रक्कम निवासावर गेली की सरकारी हिशेबात ते कुटुंब निवासखर्चाने वाकलेले मानले जाते. या ३० टक्क्यांत कर्जाचा हप्ता, मालमत्ता कर, विमा, वसाहतीचे शुल्क आणि २० टक्क्यांपेक्षा कमी रक्कम आगाऊ भरली असेल तर कर्जाच्या विम्याचा हप्ता, हे सगळे धरावे. न्यू जर्सीत घरामागे सरासरी मालमत्ता कर वर्षाला १०,००० डॉलरच्या आसपास आहे, म्हणजे हप्ता सुरू होण्याआधीच महिन्याला आठशेहून अधिक डॉलर गेले. त्या सवयीच्या नजरेला बाहेरचे सगळेच स्वस्त दिसते, आणि लोक गरजेपेक्षा मोठे घर घेऊन बसतात.

तुमच्या बाबतीत आणखी एक धोका हिशेबात धरायला हवा. एच-१बी वरील नोकरी गेली तर दुसरी शोधण्यासाठी जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात आणि पत्नीची परवानगीही तुमच्याच व्हिसाशी बांधलेली आहे. म्हणून घरापासून तासाभराच्या अंतरात तुमच्या कामाच्या किती कंपन्या आहेत, हे मोजावे. एकाच मोठ्या मालकावर जगणारे गाव कितीही स्वस्त असले, तरी ग्रीन कार्ड हाती येईपर्यंत तुमच्यासाठी ते महाग आहे. पहिले वर्ष भाड्यानेच राहावे, असे मी सुचवेन. घर ठरवण्यापूर्वी त्या गावी कामाच्या दिवशी दुपारी शाळा सुटण्याच्या वेळी जाऊन उभे राहावे आणि मुले कोणाकोणाबरोबर बाहेर पडतात ते पाहावे. वेगवेगळ्या रंगांची मुले एकाच दारातून बाहेर येऊन लगेच आपापल्या घोळक्यांत विभागली जातात की गप्पा मारत एकत्र चालतात, हे कोणत्याही तक्त्यात छापलेले नसते.

प्रश्न : घर दाखवणाऱ्या एजंटला आम्ही सरळ विचारले, ‘या भागात भारतीय लोक राहतात का?’ तिने उत्तर देण्याचे टाळले आणि ‘तुम्हीच पाहा’ असे म्हणाली. आम्हाला हे उद्धटपणाचे वाटले. एजंट बदलावा का? — एक वाचक, पेनसिल्व्हेनिया

उत्तर : बदलू नये. ती कायदा पाळत होती. मार्टिन ल्यूथर किंग यांची ४ एप्रिल १९६८ रोजी हत्या झाल्यानंतर आठवडाभरात, ११ एप्रिलला, निवासातील भेदभाव रोखणारा ‘फेअर हाउसिंग’ कायदा झाला. वंश, वर्ण, धर्म किंवा मूळ देश यांवरून ग्राहकाला एखाद्या वस्तीकडे वळवणे किंवा तिच्यापासून दूर ठेवणे या कायद्याने निषिद्ध आहे. त्या व्यवसायात याला ‘स्टिअरिंग’ म्हणतात. तुम्ही आपणहून विचारले असले, तरी उत्तर दिल्यास आपण या आरोपात सापडू, ही तिची भीती अनाठायी नव्हती.

मात्र स्टिअरिंग बोलूनच होते असे नाही. कोणती घरे दाखवली यातूनही ते होते. २०१९ मध्ये ‘न्यूजडे’ या वृत्तपत्राने न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर समान ऐपत सांगणारे वेगवेगळ्या वंशांचे ग्राहक छुप्या कॅमेऱ्यांसह एजंटांकडे पाठवले होते. गोऱ्या ग्राहकाच्या तुलनेत वेगळी वागणूक मिळाल्याचे प्रमाण कृष्णवर्णीयांच्या बाबतीत ४९ टक्के, लॅटिनोंच्या बाबतीत ३९ टक्के आणि आशियाई ग्राहकांच्या बाबतीत १९ टक्के निघाले. तेव्हा एजंट काय सांगते यापेक्षा, तुम्ही दिलेल्या रकमेत आणि अंतरात बसणारी कोणती घरे तिने यादीतून वगळली आहेत, हे संकेतस्थळावर स्वतः तपासावे. वस्तीची माहिती वर सांगितलेल्या जनगणनेच्या तक्त्यांतून किंवा जवळच्या महाराष्ट्र मंडळातून घ्यावी. मंडळातील मंडळींना हा कायदा लागू नाही आणि ती मोकळेपणाने, कधीकधी गरजेपेक्षा अधिक, बोलतात.

जुने घर घेणार असाल तर आणखी एक सांगून ठेवतो. कागदपत्रांत कधीकधी १९४८ पूर्वीचा असा करार सापडतो की हे घर अमुक वंशाच्या माणसाला विकू नये. त्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ‘शेली विरुद्ध क्रेमर’ खटल्यात निर्णय दिला की न्यायालये असे करार अमलात आणू शकत नाहीत. त्या खटल्यातील करारात कृष्णवर्णीयांबरोबर ‘मंगोलियन’ वंशाच्या लोकांनाही मनाई होती. हा मजकूर आज निष्प्रभ आहे, पण स्वतःच्या घराच्या कागदांत तो अचानक वाचून दचकायला होते.

प्रश्न : भाड्याचे घर जवळजवळ ठरले होते. शेवटच्या भेटीत घरमालक म्हणाला, ‘तुमच्या लोकांच्या स्वयंपाकाचा वास भिंतींत राहतो, म्हणून मी नकोच म्हणतो.’ हे कायद्यात बसते का? — एक वाचक, ओहायो

उत्तर : बसत नाही, असे म्हणण्यास तुमच्याकडे चांगला आधार आहे. घर सोडताना सफाईचा खर्च द्यावा लागेल, ही अट मालक सर्वच भाडेकरूंना घालू शकतो. ‘तुमच्या लोकांचा’ म्हणून घर नाकारणे हा मूळ देशावरून केलेला भेदभाव ठरू शकतो. त्याच दिवशी तारीख, वेळ आणि त्याचे नेमके शब्द लिहून ठेवावेत, आणि जमल्यास ‘आपण अमुक कारणाने घर नाकारले असे मी समजतो’ असा शांत ईमेल त्याला पाठवावा. केंद्राच्या गृहनिर्माण विभागाकडे वर्षभरात तक्रार करता येते, तिला शुल्क नाही. न्यायालयात जाण्यासाठी दोन वर्षांची मुदत असते. चार किंवा त्याहून कमी बिऱ्हाडांच्या इमारतीत मालक स्वतः राहत असेल, तर या कायद्यातून त्याला बरीच सूट मिळते, परंतु वंशावरून नकार देण्याला १८६६ च्या नागरी हक्क कायद्याने मनाई आहे आणि तेथे ही सूट चालत नाही. व्हिसाची कागदपत्रे मागितली म्हणून मात्र रागावू नये. सगळ्यांकडे मागत असेल तर तो मागू शकतो.

प्रश्न : मी डॉक्टर आहे. जे-१ या प्रशिक्षणाच्या व्हिसानंतर मायदेशी परतण्याच्या अटीतून मिळालेल्या सवलतीपोटी मध्य-पश्चिमेतील एका छोट्या गावात तीन वर्षे काम करण्याचे बंधन आहे. दोन वर्षे झाली. घर अतिशय स्वस्त आहे, लोक प्रेमळ आहेत, पण गावात आम्ही एकमेव भारतीय कुटुंब आहोत. मुदत संपल्यावर येथेच राहावे की मोठ्या शहराकडे जावे? — एक वाचक

उत्तर : तुमचे पत्र पहिल्या पत्राच्या शेजारी छापावे असे मला वाटले, कारण निर्देशांकाच्या दृष्टीने तुमचे गाव अगदी तळाशी असेल आणि तरीही तुम्ही तेथे सुखात आहात. छोट्या गावात डॉक्टरला एक पद असते, आणि त्या पदाचे कवच तुमच्याभोवती आहे. तुमच्या जोडीदाराला आणि मुलांना ते तितकेसे लाभत नाही. दुकानात तुम्हाला ‘डॉक्टर’ म्हणून हाक मारतात. मुलाला मैदानावर काय म्हणून हाक मारतात, ते त्याच्याकडून ऐकावे, आणि तेही ‘कोणी त्रास देते का?’ असे न विचारता, मधल्या सुट्टीत तो कोणाशेजारी बसतो अशा वळणाने विचारावे. मुले साधारण दहा-अकरा वर्षांची झाली की हा प्रश्न तीव्र होतो, म्हणून त्यांची वये पाहून निर्णयाची वेळ ठरवावी.

मधला मार्ग बहुधा असतो. विद्यापीठ असलेली मध्यम आकाराची गावे तुमच्या रुग्णालयापासून तासाभराच्या आत आहेत का, ते पाहावे. तेथे देशोदेशीची कुटुंबे असतात आणि घरे मोठ्या शहरांच्या मानाने स्वस्त असतात. बंधनाचे तिसरे वर्ष संपण्यापूर्वी रुग्णालय नवा करार पुढे करील. त्यावर सही करण्याआधी ‘रुग्णालयापासून अमुक मैलांच्या आत राहावे’ असे कलम आहे का ते तपासावे, आणि असल्यास ते अंतर वाढवून मागावे. डॉक्टर मिळणे अवघड असलेल्या ठिकाणी पगारवाढीपेक्षा ही मागणी लवकर मान्य होते.